पहिला कॅमेरा आणि दुसरी लेन्स

"पहिला डीएसएलआर कुठला घेऊ रे?" हा प्रश्न गेल्या वीसेक वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून काढावं आणि मोकळं व्हावं, असं बरेच दिवस मनात होतं. पूर्वी विचारणारे ऑफिसातले मित्र असायचे, खिशात पहिला घसघशीत बोनस आणि डोळ्यांत तारे. हल्ली विचारतात ते नुकते नोकरीला लागलेले पुतणे आणि त्यांचे मित्र. नवा मिररलेस परवडत नाही आणि कुणाचा तरी जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतोय, अशी त्यांची परिस्थिती. काळ बदलला, प्रश्न तोच. माझं उत्तरही तेच: पहिला कॅमेरा निवडायचाच नाही. दुसरी लेन्स निवडायची. कॅमेरा तिच्यामागोमाग आपोआप ठरतो.

हे ऐकलं की समोरचा "काका, सरळ सांगा ना" अशा नजरेने बघतो. सरळच सांगतोय बाबा! पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे १९५९ पर्यंत.

आधी यंत्र समजून घेऊ. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या बसवलेल्या आरशावर पडून वर जातो, तिथल्या काचेवर चित्र उमटतं आणि वरच्या प्रिझममधून ते आपल्याला सुलटं दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश मागच्या फिल्मवर (किंवा सेन्सरवर) पोचतो. तो जो रुबाबदार 'खटॅक्' आवाज येतो ना, त्यात मोठा वाटा आरशाचा. फायदा असा की लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, त्यामुळे कुठलीही लेन्स लावा, अंदाज बांधायला नको. तोटा असा की लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलण्यापुरती जागा सोडावी लागते. ही जागा लक्षात ठेवा. पुढचं सगळं महाभारत याच मिलिमीटरांवरून घडलंय.

१९५९ मध्ये निकॉनने 'निकॉन एफ' हा कॅमेरा काढला. त्याच्या बॉडीवर लेन्स अडकवायचं जे कडं होतं, ज्याला माउंट म्हणतात, त्याचा आतला व्यास ४४ मिमी आणि तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी. आपल्या धंद्याच्या भाषेत हा एक इंटरफेस झाला. आणि इंटरफेस एकदा बाहेर पडला, लोकांनी त्याच्या भरवशावर पैसे घातले, की तो बदलणं किती जिवावर येतं हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. निकॉनने तो बदलला नाही. १९७७ मध्ये अ‍ॅपर्चर किती ठेवलंय हे बॉडीला सहज कळावं म्हणून लेन्सच्या कड्याची रचना जराशी सुधारली, जुन्या लेन्सेस तशा करून द्यायची सोयही ठेवली. पण मूळ माउंट तेच.

कॅननचा स्वभाव वेगळा. त्यांनीही एसएलआर १९५९ मध्येच काढला, पण माउंटमध्ये फेरफार करत करत १९७१ मध्ये ते 'एफडी' माउंटवर आले. १९७६ चा एई-१ हा याच माउंटचा कॅमेरा. तो लाखोंनी खपला आणि त्याच्यामागे एफडी लेन्सेसही जगभर घरोघरी पोचल्या.

मग १९८५ उजाडलं आणि मिनोल्टा ७००० आला. बॉडीतच मोटर, आपोआप फोकस, आणि चालतोही चांगला! बाकीच्यांची झोप उडाली. निकॉनने १९८६ मध्ये एफ-५०१ काढून उत्तर दिलं ते आपल्या स्वभावाला धरून. माउंट तेच, फक्त बॉडीत मोटर बसवली आणि कड्यातून एक छोटी दांडी बाहेर काढली. ही दांडी स्क्रू-ड्रायव्हरसारखी लेन्सच्या खाचेत बसते आणि फोकस फिरवते. थोडक्यात, जुन्या कोडवर एक पॅच. सुबक पॅच, पण पॅचच.

कॅननने आधी १९८५ मध्येच टी८० नावाचा प्रयत्न जुन्या एफडी माउंटवर करून बघितला. तो पडला. मग मार्च १९८७ मध्ये, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी ईओएस ६५० आणला आणि त्याबरोबर कोरं करकरीत 'ईएफ' माउंट. व्यास ५४ मिमी, अंतर ४४ मिमी. दांडी नाही, तरफ नाही, नुसते विजेचे संपर्कबिंदू. फोकसची मोटर लेन्समध्ये, अ‍ॅपर्चर हलवणारी मोटरही लेन्समध्ये. बॉडी फक्त हुकूम सोडणार.

कागदावर किती देखणं! पण ज्यांच्या कपाटात एफडी लेन्सेस होत्या त्यांचं काय? एफडीचं अंतर ४२ मिमी होतं, नव्या माउंटचं ४४. जुनी लेन्स नव्या बॉडीवर कशीबशी अडकवली तरी ती २ मिमी पुढे बसणार, म्हणजे दूरचा डोंगर कधी फोकसमध्ये येणारच नाही. मध्ये आणखी एक भिंग घातल्याशिवाय इलाज नाही. पै पै साठवून लेन्सेस घेतलेल्या माणसाला ही फसवणूक वाटली असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? मागच्या व्हर्जनचा सपोर्ट बंद झाल्याची मेल आपल्याला येते तेव्हा फार तर एक वीकएंड वाया जातो. इथे हयातभराची गुंतवणूक होती.

तर एकाने शब्द पाळला, एकाने मोडला. हे डोक्यात ठेवून आता डिजिटलकडे येऊ.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये बनवला. १०० गुणिले १०० पिक्सेल, आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉन एफ३ च्या बॉडीला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून डीसीएस नावाचा कॅमेरा विकायला काढला. चित्रं साठवायचा डबा वेगळा, तो खांद्याला लटकवायचा. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात, म्हणजे गिऱ्हाईक वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्था. १९९९ मध्ये निकॉन डी१ आला, २.७ मेगापिक्सेल, पाच-साडेपाच हजार डॉलर. अजूनही आपल्यासारख्यांनी फक्त काचेबाहेरून बघायची वस्तू.

आणि मग ऑगस्ट २००३. कॅनन ३००डी. ६.३ मेगापिक्सेल, नुसती बॉडी ८९९ डॉलर, १८-५५ मिमीच्या किट लेन्ससकट ९९९. हजार डॉलरच्या आत डीएसएलआर! तेव्हाच्या भावाने साधारण ४५ हजार रुपये. रोल नाही, धुलाई नाही, छत्तिसावा फोटो काढताना हात थरथरणं नाही. अमेरिकेत ऑनसाईट गेलेल्या प्रत्येकाच्या परतीच्या बॅगेत कुणाचा ना कुणाचा तरी कॅमेरा असायचे दिवस इथून सुरू झाले.

३००डी ची एक गोष्ट मला एक सॉफ्टवेअरवाला म्हणून फार आवडते. त्यात त्याच वर्षीच्या, १,४९९ डॉलरच्या १०डी चाच सेन्सर होता. मग स्वस्तातला कॅमेरा महागड्याचं गिऱ्हाईक पळवणार नाही, यासाठी काय केलं? काही सोयी चक्क फर्मवेअरमध्ये बंद करून ठेवल्या. लोकांनी ते हेरलं, आणि लवकरच सुधारलेलं फर्मवेअर फिरू लागलं. ते चढवलं की फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त करणं, आयएसओ ३२०० वगैरे गोष्टी जाग्या व्हायच्या. हार्डवेअर पहिल्यापासून तयारच होतं, एक फ्लॅग तेवढा खाली होता :-)

निकॉनने जानेवारी २००४ मध्ये डी७० जाहीर करून उत्तर दिलं. १/८००० सेकंदापर्यंत शटर, ३००डी चं १/४००० पर्यंत. आणि मग 'कॅनन की निकॉन' हा वाद आमच्या पुण्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीचा कायमचा विषय झाला.

तेव्हाचा आमचा उत्साह काय वर्णावा! टीममधल्या एकाने एक्सेल शीट केली होती. मेगापिक्सेल, वजन, सेकंदाला किती फ्रेम, बॅटरी, प्रत्येकाला भारांक, शेवटी बेरीज. त्यात नवीन मॉडेल आलं की एक कॉलम वाढायचा. ३५०डी, डी५०, ४००डी, डी८०, डी४०… पण लेन्स आणि माउंट यांना मात्र त्या शीटमध्ये एकही ओळ नव्हती. वरची सगळी कथा, १९५९, १९८५, १९८७, त्या न लिहिलेल्या ओळीत होती.

कशी ते सांगतो. नोव्हेंबर २००६ मध्ये निकॉन डी४० आला. लहान, हलका, स्वस्त, दिसायला गोड. पण तो स्वस्त आणि लहान करताना बॉडीतली मोटर काढून टाकली होती. म्हणजे १९८६ पासून ज्या लेन्सेस बॉडीतल्या दांडीवर फिरत होत्या, त्या डी४० वर बसायच्या खऱ्या, पण फोकस हाताने. ज्यांच्यात स्वतःची मोटर होती त्याच लेन्सेस आपोआप फोकस व्हायच्या. आणि निकॉनची सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लाडकी ५० मिमी एफ/१.८ डी ही नेमकी दांडीवर चालणारी. (गंमत म्हणजे, १९७७ पूर्वीच्या ज्या जुन्यापुराण्या लेन्सेस महागड्या डी८० वर लावल्या तर इजा व्हायची भीती, त्या याच डी४० वर निमूट बसायच्या. कारण मध्ये येणारी ती छोटी तरफच नव्हती! हे असले योगायोग फक्त लेगसी कोडमध्येच सापडतात.)

आता आमच्याच टीममधली एक मैत्रीण घ्या. तिचा धाकटा भाऊ पुरुषोत्तम करंडकाच्या तयारीत होता आणि तिला एकांकिकेच्या तालमीचे फोटो काढायचे होते. तालमीचा हॉल, दोन ट्यूबलाइट, पोरं एका जागी उभी राहत नाहीत. किट लेन्स ५५ मिमीला फार तर एफ/५.६ पर्यंत उघडते. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, करून बघा. म्हणजे किटने १/१० सेकंदात जो फोटो हलून येईल तो या लेन्सने १/१०० सेकंदात स्थिर मिळेल. तेव्हा तिची दुसरी लेन्स पहिल्यापासून ठरलेली होती. मग तिने कॅमेरा शोधला तो उलट्या दिशेने: ही लेन्स आपोआप फोकस करणारी स्वस्तात स्वस्त बॉडी कुठली? उत्तर आलं, २००५ चा डी५०, वापरलेला. मेगापिक्सेल डी४० इतकेच, वर मोटर. एक्सेल शीटमध्ये तो केव्हाच तळाला गेला होता. तिच्या घरात अजून त्या फोटोंची एक चौकट लावलेली आहे.

दुसरा एक मित्र भिगवणच्या पाणथळीवर पक्ष्यांमागे पहाटे पाचला निघणारा. त्याला कॅननची १९९३ ची ४०० मिमी एफ/५.६ हवी होती, हलकी आणि झटकन फोकस होणारी. मग बॉडी कॅननची, आणि तीही त्यातली स्वस्तातली, कारण पैसे लेन्ससाठी राखायचे होते. लेन्सच्या किमतीत दोन बॉड्या आल्या असत्या, तरी त्याने निर्णय बदलला नाही.

मी स्वतः निकॉन डी८० घेतला, त्याचं कारण माझे मामा. त्यांच्याकडे एफएम२ आणि त्याबरोबर १०५ मिमी एफ/२.५ निकॉर होती. निवृत्त झाल्यावर ती लेन्स त्यांनी मला दिली. डी८० वर ती नीट बसते, पण बॉडी तिच्याशी बोलत नाही. फोकस हाताने, प्रकाशाचा अंदाज आपला आपण. एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम बघायचा, पुन्हा काढायचा. घरातल्या सगळ्यांचे चेहरे मी त्या लेन्सने टिपलेत. निकॉनने पाळलेल्या शब्दाचा मी असा लाभार्थी.

पण खरं सांगायचं तर आमच्या ऑफिसातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी दुसरी लेन्स कधी घेतलीच नाही. लग्न, बाळाचं बारसं, कासचं पठार, एक गोवा ट्रिप, आणि मग तो १८-५५ लावलेला कॅमेरा कपाटात. यात चूक काही नाही, फोटो छान आले होते. पण त्यांना विकली गेली होती 'सिस्टिम', शंभर लेन्सेसचं भविष्य, आणि त्यांनी वापरला एक कॅमेरा. त्यांच्यासाठी कॅनन-निकॉन वादाला काडीचा अर्थ नव्हता. कुठलाही घेतला असता तरी चाललं असतं. माउंटचा इतिहास तुमच्या आयुष्यात शिरतो तो दुसरी लेन्स घ्यायच्या दिवशी. त्याआधी नाही.

पुढे काय झालं? कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदा सोडला. तिचं १९८५ चं माउंट सोनीने पुढे चालवलं, तेही २०२१ मध्ये थांबलं. ऑलिंपसने २००३ मध्ये 'खास डिजिटलसाठी' म्हणून फोर थर्ड्‌स हे नवं माउंट काढलं, त्यावरची त्यांची शेवटची डीएसएलआर बॉडी २०१० ची. आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन, दोघांनीही आपल्या मुख्य कॅमेऱ्यांमधून आरसा काढला आणि नवी माउंट आणली. आरसाच नाही तर जागा कशाला? निकॉनचं अंतर ४६.५ वरून १६ मिमी, कॅननचं ४४ वरून २०. २०२० मध्ये मिररलेसची विक्री डीएसएलआरच्या पुढे गेली. पेंटॅक्सने २०२३ मध्येही नवा डीएसएलआर काढला, पण मोठी वरात तोवर पुढे गेली होती.

आणि इथे जुना हिशेब पुन्हा बाहेर आला. अंतर कमी झालं म्हणजे मधली मोकळी जागा अ‍ॅडाप्टरला मिळाली. कॅननचा अ‍ॅडाप्टर म्हणजे जवळजवळ नुसती नळी आणि तारा. १९८७ च्या ईएफ लेन्सेसही त्यावर आपोआप फोकस होतात, कारण त्यांच्यात पहिल्यापासून सगळं विजेवर होतं. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरमध्ये मात्र मोटर नाही. दांडीवर चालणाऱ्या सगळ्या लेन्सेस तिथे हाताने फिरवायच्या. ज्याने १९८७ मध्ये शब्द मोडला त्याच्या लेन्सेस तीस वर्षांनी सुखाने पलीकडे गेल्या. ज्याने शब्द पाळला त्याचा पॅच मध्येच अडकला.

म्हणून मोडणारा शहाणा, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो पटत नाही. कारण १९८७ च्या त्या स्वच्छ डिझाईनचं बिल एफडीवाल्यांनी भरलं होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. (त्यांच्या अनाथ लेन्सेस आता मिररलेसवर साध्या नळीने लागतात आणि मजेत चालतात. उशिरा का होईना, न्याय!) मामांची १०५ सुद्धा झेड बॉडीवर लागते, हाताने फोकस करायला तिला कधीच कुणाची मदत लागली नाही.

मला यातून एवढंच दिसतं: कुठल्याही कंपनीचं 'आमच्याबरोबर राहा, पुढे सगळं चालेल' हे वचन धंदा चालेल तोवरचं असतं. त्यामुळे दहाव्या लेन्सचा विचार करून पहिला कॅमेरा घेणं व्यर्थ. दुसरीचा करा. ती ठरवता येते, कारण ती तुम्हाला येत्या वर्षात कसले फोटो काढायचेत त्यावरून ठरते.

आता जुना डीएसएलआर घेऊ पाहणाऱ्या माझ्या पुतण्यांसाठी थोडक्यात. निकॉनच्या डी३००० ते डी३५०० आणि डी५००० ते डी५६०० या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नाही, त्यांना स्वतःची मोटर असलेली लेन्सच बघा (२००९ ची ३५ मिमी एफ/१.८ जी झकास आहे). डी९० आणि डी७००० च्या घराण्यात मोटर आहे. कॅननच्या ईओएस डीएसएलआरवर कुठलीही ईएफ लेन्स चालते, फक्त ईएफ-एस लिहिलेली लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसत नाही. बॉडीचं शटर किती वेळा उडालंय ते विचारा. आणि लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्याने जेवढ्या लेन्सेस मारल्यात तेवढ्या कुठल्याही नव्या माउंटने मारल्या नसतील. घेतलीत की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. डाळीचा डबा चालतो, आईला विचारून घ्या.

असो. बरंच लांबलं. तर, "कुठला कॅमेरा घेऊ?" हे मला नंतर विचारा. आधी सांगा, फोटो कसले काढायचेत?